गळ्यापासून शेल्यापर्यंत

मोहना घोरपडे आमच्या समोरच्या विंगेत, पहिल्या मजल्यावर राहते. तिच्या घरात शिरलं की आधी देवघरातल्या उदबत्तीचा वास येतो आणि पाठोपाठ तापलेल्या कापडाचा. गॅलरी काचा लावून बंद केलीय, तिथे तिचं यंत्र आहे. इस्त्रीचा थोरला भाऊच म्हणा ना. खाली टी-शर्ट पसरायचा, त्यावर चित्राची फिल्म शाईची बाजू खाली करून ठेवायची, झाकण दाबायचं आणि यंत्र बोंबललं की उचलायचं. गार झाल्यावर फिल्म अलगद सोलली की चित्र कापडावर उतरलेलं. फिल्म छापून येते घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या सुभाषभाईंच्या दुकानातून. चित्र मात्र मोहनाचं, आणि कुठल्या अंगावर ते केवढं असावं हा निवाडाही तिचाच.

हा उद्योग तिनं मुद्दाम सुरू केला नव्हता. मुलगी, मैथिली, कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणींनी एकसारखे टी-शर्ट करून घेतले. बाजारातल्या माणसानं सगळ्यांवर एकाच मापाचं चित्र ठोकून दिलं. बारीक पोरींच्या ते काखेपर्यंत गेलं आणि अंगानं भरलेल्या पोरींवर पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. मैथिली हसून सोडून देत होती. मोहनाला काही ते बघवेना. तिचा हात रांगोळीचा. अंगण केवढं, रांगोळी केवढी, हे तिला शिकवावं लागत नाही. तिच्या माहेरी अंगण मोठं होतं आणि दिवाळीत बघायला माणसं थांबायची, असं तिचे यजमान, दिग्विजय भावजीच कौतुकानं सांगतात. ते रिफायनरीत पाळीवर असतात. यंत्र त्यांनीच आणून दिलं.

मोहनाची कामाची पद्धत मला फार आवडते. ती जुन्या वर्तमानपत्रावर चित्र खऱ्या मापाचं काढते, कापते, टाचणीनं टी-शर्टावर लावते आणि तो टी-शर्ट हॅंगरवर घालून बेडरूमच्या दाराला टांगते. मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सोफ्यावर बसते. चहा पिते, भाजी निवडते, मधूनच मान वर करते. पटलं नाही की उठून कागद बदलते. सुभाषभाई तिला नेहमी आपल्या गुजरातीत म्हणतात, "बेन, बधानी एक ज साइझ राखो ने, कोण जोवानुं छे?" सगळ्यांचं एकच माप ठेवा, बघतंय कोण. त्यावर मोहनाचंही ठरलेलं उत्तर असतं, "पहेरनारी जोशे, भाई." जी घालेल ती बघेल.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या भजनी मंडळाच्या कमलाताईंच्या मनात आलं की यंदा गणपती आणताना सोसायटीच्या बायकांनी लेझीम खेळावी. कमलाताई सत्तरीच्या पुढच्या, शिक्षिका होत्या. त्यांच्या मनात आलं म्हणजे झालंच. पहिलीतल्या पोरींपासून माझ्यासारख्या गुडघे धरून उठणाऱ्यांपर्यंत सगळ्या गोळा झाल्या. अंगात टी-शर्ट, खाली सलवार, कमरेला भगवा शेला, डोक्याला फेटा, असा वेश ठरला. टी-शर्ट अर्थात मोहनाकडे.

चित्र गणपतीचंच, याबद्दल दुमत नव्हतं. पण देवाचं चित्र अंगावर घालायचं म्हणजे त्याची रीत आली. पाठीवर नको, आपण टेकून बसतो. धुताना वेगळा धुवायचा, इतर कपड्यांत टाकायचा नाही. आणि कमलाताईंनी निक्षून सांगितलं की चित्र नुसत्या मुखाचं नको, पूर्ण मूर्ती हवी, चरण दिसले पाहिजेत. डोकं टेकवायचं ते चरणांवर, ते नसतील तर दर्शन कसलं? मोहनानं चौरंगावर बसलेला, एक पाय खाली सोडलेला सुरेख गणपती काढला. आम्ही कागद बघूनच हात जोडले.

या सगळ्यात मोहनाच्या मनात एक वेगळीच गोष्ट होती. ती तिनं फक्त मला सांगितली. तिची धाकटी जाऊ रसिका आमच्याच सोसायटीत मागच्या विंगेत राहते. शाळेत असताना रसिका लेझीम पथकाची पुढारी होती. शिट्टी तिच्या गळ्यात असायची. पुढे सांध्यांचं दुखणं आलं, त्याची जबर औषधं झाली, आणि दुखणं आटोक्यात आलं तोवर अंग असं सुटलं की आरशासमोर ती थांबेनाशी झाली. कुणाच्या तरी हळदीकुंकवात एक बाई सहज म्हणाली, अगंबाई, मी ओळखलंच नाही. त्यानंतर रसिका लग्नामुंजींना जाईना. तिचे यजमान उदयसिंह भावजी एकटेच जायचे आणि तिच्या वतीनं आहेर देऊन यायचे. शिंप्याकडे जाणंही तिनं सोडलं होतं, तयार गाऊन मागवायची. अंगाला कुणी टेप लावलेला तिला चालत नसे.

मोहना तिच्या दारी रोज जाऊन बसली. ये गं, नुसती उभी राहा, पोरींना पावलं शिकव. शेवटी रसिका सरावाला आली. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून होती. मग उठून पोरींच्या मनगटांना वळण द्यायला लागली. आणि एका संध्याकाळी हातात लेझीम घेऊन चार पावलं खेळली, तेव्हा मोहनानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. रसिका मिरवणुकीत चालणार, एवढं एकच मोहनाला हवं होतं.

मापांचं काम जिकिरीचं होतं. लहान पोरींसाठी चित्र लहान केलं तर गणपतीच्या हातातला मोदक ठिपक्याएवढा झाला आणि खालची पथकाच्या नावाची अक्षरं मुंग्यांसारखी दिसायला लागली. शिवाय इतक्या बारीक रेघा कापडाला नीट धरत नाहीत, दोन धुण्यांत उचकटतात. मोहनानं पोरींच्या चित्रातून नाव काढलं, मोदक मोठा केला, दागिने कमी केले. मध्यम मापाचं चित्र तर तिला पहिल्याच फटक्यात साधलं. मोठ्या मापांना तिनं रांगोळीचा नियम लावला. कापड जेवढं रुंद, चित्र तेवढं रुंद. रुंदी वाढली की त्याच हिशेबात उंची. दाराला टांगून बघितलं, छान भरलेलं दिसत होतं. सगळे टी-शर्ट तयार झाल्यावर तिनं एक देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावलं आणि प्रसादाचे पेढे घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये आली.

तिथेच सगळ्यांनी अंगावर चढवून बघितले. पोरींची नुसती धांदल. रसिका टी-शर्ट घेऊन आत गेली, घालून, वर शेला बांधून बाहेर आली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या अंगावरचा गणपती या बाहीपासून त्या बाहीपर्यंत पसरला होता, आणि खाली इतका उतरला होता की चौरंग, उंदीर आणि सोडलेला पाय सगळं शेल्याखाली गेलं होतं. देव पोटात बुडाल्यासारखा. कमलाताईंची सून मनाली, जिभेला हाड नसलेली पण मनानं चांगली, ती पटकन बोलून गेली, "काकी, तुम्ही पुढे चाला, आपल्याला वेगळा बॅनर नको."

बोलल्यावर तिनं जीभ चावली. पण दोघीतिघी हसल्या होत्या. सगळ्यात मोठ्यानं रसिका हसली. "खरंच गं," म्हणाली, "वहिनीनं माझं होर्डिंगच केलंय." मग आत गेली, टी-शर्ट बदलून आली, नीट घडी घालून पिशवीत ठेवला, पेढा घेतला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सरावाला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी उदयसिंह भावजी मोहनाकडे पिशवी देऊन गेले. तिचे गुडघे धरलेत, मिरवणुकीचं जमणार नाही म्हणाली.

मोहना ती पिशवी घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. माझा उपास होता, वऱ्याचे तांदूळ शिजत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "श्रद्धाताई, खरं सांगा. वाईट दिसत होतं का?"

मी म्हटलं, चित्र वाईट नव्हतं, पण चरण झाकले गेले, मला ते खटकलं. त्यावर ती जरा चिडलीच. हिशेबानंच केलंय म्हणाली, मध्यमच्या दीडपट कापड तर दीडपट चित्र. लहान ठेवलं असतं तर तिकिटासारखं दिसलं असतं आणि तेही लोकांनी हसण्यावारीच नेलं असतं. मग तिनं पिशवीतून टी-शर्ट काढला, घरी जाऊन मध्यम मापाचा, स्वतःचा, घेऊन आली. दोन्ही जेवणाच्या टेबलावर पसरले. रुंदीत केवढा तरी फरक. पण लांबीत? रसिकाचा जेमतेम वीतभर लांब. माणूस आडवं वाढतं, तेवढं उभं वाढत नाही. आणि शेला हॅंगरला कोण बांधतं? तिनं माझ्या दिवाणावरची मोठी उशी घेतली, तिला तो टी-शर्ट चढवला, माझ्याच ओढणीनं मध्ये बांधला. गणपतीचे पाय पुन्हा नाहीसे झाले.

मोहना उशीकडे बघत उभी राहिली. मी गॅस बंद केला.

"मी तिच्याकडे बघितलंच नाही," ती म्हणाली. "कापडाकडे बघितलं."

तिथल्या तिथे तिनं ठरवलं की नवा टी-शर्ट करायचा. मी म्हटलं, आजच सुभाषभाईंना सांग. तिनं फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला. रसिकाचा एकटीचा बदलला तर तो हसण्याचा प्रसंग पुन्हा सगळ्यांना आठवेल, म्हणाली. बदलायचे तर मोठ्या मापांचे सगळेच. त्यात कमलाताईंचाही आला, आणि कमलाताईंनी शेला बांधून अजून बघितलं नव्हतं. त्यांनी बघितलं असतं तर चरणांवरून आमची काही धडगत नव्हती. पण नवं माप काढायचं कसं? उशीवरून नको, एकदा फसलो. अंगावरच बघायला हवं, आणि ज्या अंगावर बघायचं ते अंग टेपला हात लावू देत नाही.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," मोहना म्हणाली. "मी एकटी गेले तर आम्ही दोघी रडत बसू."

रसिकानं दार उघडलं तेव्हा तिच्या पायावर शेकायची पिशवी वगैरे काही नव्हती. ती अळूची पानं निवडत होती. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. गुडघ्यांबद्दल मी विचारलं, तर बरे आहेत म्हणाली आणि मग आठवण होऊन दुखतात म्हणाली. थोडा वेळ तिघी अळूची देठं सोलत बसलो. मोहनानं पर्समधून टेप काढला तसा रसिकाचा चेहरा उतरला.

"वहिनी, माप घ्यायचं नाही."

"तुझं नाही घेत गं. बाप्पाचं घेते. गळ्यापासून शेल्यापर्यंत त्याला बसायला किती जागा आहे, तेवढंच. आडवा टेप लावणारच नाही."

मोहनानं टेप तिच्यापुढे धरला, तिनं घेतला नाही. मग मोहना स्वतःच उठली आणि मला म्हणाली, आधी तुमचं. माझ्या गळ्याच्या खळीपासून शेला बांधतात तिथपर्यंत मोजलं. मग स्वतःचं मोजलं. मापं जवळजवळ सारखी निघाली. मी स्वतः अंगानं काडी, मोहना मध्यम, तरी फरक बोटभरच. मोहना बोटांनी ती जागा धरून तशीच उभी राहिली, जणू चिमटीत काही सापडलंय.

रसिकाला राहवलं नाही. ती उठली, आत जाऊन शेला आणला आणि कपाटाच्या आरशासमोर जाऊन गाऊनवरूनच बांधला. पोटाच्या वर, जिथे लेझीम खेळताना तो घसरणार नाही तिथे. टेपचं टोक तिनंच गळ्याशी धरलं. दुसरं टोक मोहनानं खाली सोडलं आणि वाकून बघितलं.

"बघ," मोहना म्हणाली. "आम्हा दोघींच्याएवढंच. इथे देवानं सगळ्यांना सारखंच दिलंय."

रसिका आरशात बघत होती. तिथूनच म्हणाली, "मग उंची सारखी ठेवली तर बाकीचं कापड मोकळं राहणार. दोन्हीकडं भकास दिसेल."

मोहना म्हणाली, तोच तर प्रश्न आहे. रसिकानं टेबलावरचं पेन घेतलं, अळू बांधून आणलेला कागद उलटा केला आणि त्यावर मधे एक गोल काढला, तो गणपती. गोलाच्या दोन्ही बाजूंना तिनं दोन लेझिमा काढल्या, उघडलेल्या, धनुष्यासारख्या, साखळीच्या चकत्यांसकट. "ह्या टाक. जेवढं कापड रुंद, तेवढ्या उघड्या. बाप्पाला हात लावू नकोस." चकत्यांची संख्या चुकली म्हणून एक खोडून पुन्हा काढली. मोहना तिच्या खांद्यावरून बघत होती आणि मी देवाचं नाव घेत अळूची देठं सोलत होते, कारण त्या क्षणी काही बोलायला जावं आणि बिघडावं अशी मला भीती वाटत होती.

पण रसिकानं येते असं म्हटलं नाही. निघताना मोहनानं विचारलंही नाही. जिन्यात मात्र म्हणाली, आता माझ्या हातात टी-शर्ट तेवढा आहे.

सुभाषभाईंनी फिल्म छापून द्यायचं कबूल केलं, वर डोक्याला हात लावला. मोठी मापं पुन्हा, आणि तीही तीन वेगवेगळी. मोहना या खेपेला हॅंगरच्या वाटेला गेली नाही. कागदाचं चित्र टाचून पहिला टी-शर्ट कमलाताईंना घातला, शेला बांधला, त्यांना अंगणात चार पावलं खेळायला लावली आणि आपण लांब उभी राहिली. कमलाताई वाकून स्वतःच्या छातीवर बघत म्हणाल्या, चरण दिसतात, ठीक आहे. मग फिल्म आली आणि यंत्र तापलं. नवे टी-शर्ट वाटले तेव्हा मनाली आपला जुना धरून उभी, "आमच्यावर लेझीम का नाही? हे बरं आहे, जाडं झालं की जास्त नक्षी." या वेळी सगळ्या मोकळ्या हसल्या. रसिका तिथे नव्हती. तिचा टी-शर्ट मोहनानं उदयसिंह भावजींकडे पाठवला, निरोप काहीही न देता.

गणपती आणायच्या दिवशी सकाळी आम्ही फाटकाशी रांगा लावल्या. ढोलवाले आले होते. मूर्ती फुलांच्या टेम्पोत येऊन थांबलेली, वर मखमलीचं छत; मुख्य रस्त्यावरून मिरवूनच ती आत न्यायची होती. कमलाताई शिट्टी गळ्यात घालून पोरींना ओळीत ढकलत होत्या. मोहना दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी होती, पण तिची मान मागच्या विंगेकडे वळलेली. ढोल सुरू झाले. आता निघायचं, असं कमलाताईंनी हातानं दाखवलं. मोहनानं मान पुढे केली आणि लेझीम घट्ट धरली. मी मनात गणपतीला म्हटलं, तुझी जागा तिनं नीट मोजून दिली आहे, आता तू बघ.

पहिली पावलं पडली तेव्हा पोरींच्या रांगेतून गलका झाला. रसिकाकाकी आली, रसिकाकाकी आली. ती मागून येत होती, फेटा वाकडा, अंगात नवा टी-शर्ट. भगव्या शेल्याच्या वर गणपतीचा सोडलेला पाय स्पष्ट दिसत होता आणि दोन्ही बाजूंना तिनंच काढलेल्या लेझिमा. ती मधे कुठे घुसली नाही. शेवटच्या रांगेच्या टोकाला उभी राहिली आणि ताल पकडला. कुणीही मागे वळून बघितलं नाही. मोहनानं आम्हा सगळ्यांना तशी ताकीदच दिली होती, आली तर बघायचं नाही, खेळायचं. पण मी थोडं बघितलं. मनगट तसंच फिरत होतं, शाळेतल्यासारखं म्हणतात ना, तसं.

मुख्य रस्त्यावर समोरून येणारी वाहनं थांबली. कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. रसिकाची पावलं एकदा अडखळली, मला वाटलं आता ही बाजूला होणार. तिनं खाली बघितलं, शेल्याची गाठ सैल झाली होती. मोहना रांग सोडून मागे धावली. भर रस्त्यात, ढोलांच्या आवाजात, ती वाकून जावेचा शेला आवळत होती आणि रसिका हात वर करून उभी होती, दोन्ही हातांत लेझीम धरून, आणि ताल सुटू नये म्हणून ती तशीच वाजवत होती.

गाठ बसल्यावर रसिका तिच्या कानाशी वाकली. काय म्हणाली ते मला नंतर मोहनानं सांगितलं.

"वहिनी, पुढच्या वर्षी बाह्या जरा लांब घे. दंड उघडे पडतात."

मोहना म्हणाली, घेते. आणि पुढे येऊन तिच्या जागेवर उभी राहिली, पण पुढची दोन-चार पावलं तिची चुकली.